मिनेसोटाचे वार्तापत्र : घरातील कार्यशाळा

ग्रँड रॅपिड्स (मिनेसोटा)



अमेरिकेच्या उत्तर सीमेवर, कॅनडाला लागून पसरलेला मिनेसोटा हा मुलूख सुमारे सव्वादोन लाख चौरस किलोमीटरांचा, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाऊण हिश्श्याएवढा आहे; मात्र २०२० च्या शिरगणतीत येथे जेमतेम ५७ लाख माणसांची नोंद झाली, आणि पालघर वेगळे होण्यापूर्वीच्या आपल्या ठाणे जिल्ह्यात २०११ सालीच १ कोटी १० लाख लोक राहत होते. या दोन आकड्यांतील अंतर ज्याने नीट मनात धरले, त्याला येथील गृहस्थाच्या राहणीचा, स्वभावाचा आणि विशेषतः त्याच्या हातच्या कौशल्याचा पुष्कळसा उलगडा होईल. आणि या वसंतात आमच्या घरच्या एटीव्हीच्या एक्सलवरील फाटलेला रबरी बूट घरीच बदलण्याचा जो प्रसंग आला, त्याच्या आधारे तो उलगडा करून सांगावा, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

एटीव्ही हे वाहन आपल्याकडे अलिबाग-काशीदच्या वाळूवर पर्यटकांना फेरी मारून आणताना पुष्कळांनी पाहिले असेल. मोटारसायकलीप्रमाणे खोगीर आणि हँडल, व त्याखाली कमी हवेची चार जाड चाके, अशी त्याची ठेवण असते. होंडा कंपनीने १९७० साली या जातीचे तीनचाकी वाहन अमेरिकेत आणले, १९८२ मध्ये सुझुकीने चारचाकी काढले, आणि तीनचाकींच्या अपघातांची संख्या फार वाढल्यावर १९८८ साली सरकार व कारखानदार यांच्यात न्यायालयाच्या संमतीने झालेल्या करारान्वये तीनचाकींची नवी विक्री बंद झाली. मिनेसोटात तर हा धंदा घरचाच आहे. कॅनडाच्या हद्दीजवळील रोझो या लहानशा गावी १९५४ साली पोलारिस कंपनीचा उगम झाला, आणि बर्फावरून धावणाऱ्या गाड्यांवर नाव मिळविल्यानंतर १९८५ पासून तिने एटीव्ही बनविण्यास आरंभ केला.

येथील गृहस्थाच्या दृष्टीने हे वाहन बैलजोडीच्या योग्यतेचे आहे. दारातील बर्फ लोटणे, रानातून सरपणाचे ओंडके ओढून आणणे, नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जाणे, आणि तळी गोठल्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरावयास त्यावरूनच जाणे, ही सारी कामे ते करते. याची नोंदणी आपल्या आरटीओसारख्या कचेरीत होत नाही. ती राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याच्या दफ्तरी होते, आणि १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्या चालकाला सार्वजनिक जमिनीवर वाहन नेण्यापूर्वी सुरक्षिततेचे शिक्षण घेऊन दाखला मिळवावा लागतो. गोठलेल्या तळ्यावर माणसाने चालत जाण्यास निदान चार इंच आणि लहान एटीव्ही नेण्यास पाच ते सात इंच जाडीचा ताजा, स्वच्छ बर्फ हवा, असा इशाराही हेच खाते देते.

आता त्या बुटाविषयी. इंजिनाची शक्ती चाकापर्यंत नेणारा पोलादी दांडा म्हणजे एक्सल. चाक खडकावर चढले की वर उचलले जाते, खळग्यात उतरले की खाली जाते, आणि पुढचे चाक असेल तर डावीउजवीकडे वळतेही. तरी त्याला मिळणारी फिरकी सदैव एकसारख्या गतीची असावी लागते. जुन्या पद्धतीच्या क्रॉसच्या सांध्यात कोन वाढला की एका फेऱ्यात दोन वेळा गती कमीजास्त होते. हा दोष दूर करणारा सांधा अल्फ्रेड रझेपा नावाच्या फोर्ड कंपनीतील अभियंत्याने १९२० च्या दशकात सिद्ध केला. त्यात आतील व बाहेरील खोबणींच्या मध्ये सहा छर्रे पिंजऱ्यात धरलेले असतात, आणि सांधा कितीही वाकला तरी ते छर्रे दोन्ही दांड्यांमधील कोन बरोबर दुभागणाऱ्या प्रतलातच राहतात. म्हणून गती अभंग राहते. मात्र या सूक्ष्म रचनेला ग्रीस अखंड मिळाले पाहिजे आणि धूळपाण्याचा स्पर्शही होता कामा नये, यासाठी तिच्यावर हार्मोनियमच्या भात्यासारखे घड्यांचे रबरी आवरण, म्हणजे बूट, दोन पट्ट्यांनी आवळलेले असते. ते फाटले, की चाकाच्या फिरकीने ग्रीस बाहेर फेकले जाते, चिखल आत शिरतो, वळताना कटकट ऐकू येऊ लागते, आणि अल्प किमतीच्या रबराअभावी शेकडो डॉलरांचा सांधा निकामी होतो. ज्या राज्यात २ फेब्रुवारी १९९६ रोजी टॉवर या गावी तापमान उणे ५१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते, तेथील थंडीत रबर ताठरते. आणि अशा ताठरलेल्या रबराला जंगलवाटेवरचा एखादा अणकुचीदार खुंट पुरेसा होतो. आमच्या गाडीचे नेमके तसेच झाले.

ही रचना ठाणेकरांना नवी नाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० तिच्या मालकाच्या स्वाधीन झाली, तेव्हापासून पुढच्या चाकांना शक्ती देणारी गाडी, तिचे सीव्ही जॉइंट आणि त्यांवरील बूट आपल्या मेस्त्र्यांच्या हाताखालून जाऊ लागले. आणि फियाटचा लांब शाफ्ट व त्याचे क्रॉस हाताळण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली होती, त्यांनी ही नवी विद्या बहुधा कोणत्याही छापील पुस्तकाविना आत्मसात केली. पोखरण रस्त्याच्या किंवा वागळे इस्टेटच्या एखाद्या गॅरेजात गाडी सकाळी नेऊन ठेवावी, नुसता चाकाचा आवाज ऐकून मेस्त्रीने आतला की बाहेरचा बूट गेला ते सांगावे, आणि संध्याकाळी माफक मजुरी देऊन गाडी घरी आणावी, हा आपल्याकडील शिरस्ता आहे. आणि त्यामुळे गाडीच्या मालकाला बूट म्हणजे काय, हे आयुष्यभर न कळले तरी त्याचे काही अडत नाही.

येथे मात्र अडते. अधिकृत विक्रेत्याच्या कार्यशाळेतील मजुरीचा दर तासाला १०० डॉलरांच्या पुढे असणे ही सामान्य बाब आहे, आणि बुटाचा संच वीस ते चाळीस डॉलरांत मिळतो. शिवाय कार्यशाळा पुष्कळदा दूरच्या गावी असते आणि हंगामात तिच्याकडे कामांची रीघ लागलेली असते. परंतु केवळ पैशाच्या हिशेबाने ही सवय जडली, असे मानणे अपुरे होईल. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कसणाऱ्याला १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन देऊ केली, तेव्हा ओसाड रानात ज्या कुटुंबांनी वस्ती केली, त्यांचा सर्वांत जवळचा शेजारीही हाकेच्या अंतरावर नसे. लोहार, सुतार, चांभार यांची कामे घरातल्या माणसांनीच करावयाची, हा त्या वस्तीचा धर्मच होता. पुढे १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी गाडी आली, तेव्हा शेतकऱ्याने नांगर दुरुस्त करणाऱ्या त्याच हातांनी ती उघडली व जोडली. त्या पिढ्यांची शिस्त आजच्या घराच्या रचनेत उतरली आहे. घराला लागून गाडीसाठी बांधलेली जी प्रशस्त खोली असते, तिच्या भिंतीवर पाने, पकडी आणि हातोडे ओळीने टांगलेले असतात, कोपऱ्यात बाक व व्हाइस असतो, आणि घरातील मुलगी असो वा मुलगा, त्या बाकाशी उभे राहूनच अवजाराची ओळख करून घेतो.

आमच्या शेजारी लोहखाणीतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ राहतात. बूट बदलण्याच्या कामात ते आपणहून सामील झाले. प्रत्येक टप्प्यावर आधी गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकातील आकृती पाहावयास लावावी आणि मगच अवजाराला हात घालू द्यावा, अशी त्यांची पद्धत. चाकाचे नट जमिनीवरच किंचित सैल करून मग गाडी जॅकने उचलली व तिचा भार स्टँडवर ठेवला; जॅकच्या एकट्या भरवशावर गाडीखाली हात घालण्यास त्यांची सक्त मनाई होती. चाक उतरविल्यावर स्प्लिट पिन काढून मधला मोठा नट सोडविला, ब्रेकचा कॅलिपर त्याच्या नळीवर लोंबकळू न देता तारेने चौकटीला बांधला, आणि वरच्या बाहूचा बोल्ट काढून चाकाचा आधार बाहेर कलता केला, तेव्हा एक्सलचे बाहेरील टोक मोकळे झाले. आतील टोक डिफरन्शियलमध्ये एका तारेच्या कड्याने अडकलेले असते. तेथे हळूहळू ओढून भागत नाही, दांडा सरळ रेषेत धरून एकच झटका द्यावा लागतो, आणि तोही अशा बेताने की शेजारच्या ऑइल सीलला ओरखडा उमटू नये.

दांडा व्हाइसमध्ये धरला तो जबड्यांना मऊ धातूच्या पट्ट्या लावून. फाटका बूट चिरून काढल्यावर त्यांनी आतले ग्रीस चिमटीत चोळून पाहिले. त्यात वाळूची कचकच नव्हती. सांधा ठोकून उतरविला, धुतला, आणि एकेक छर्रा पुसून उजेडात तपासला. कोठे खळगी दिसती, तर नवा बूट चढविणे व्यर्थ ठरून संपूर्ण एक्सलच बदलावा लागला असता. या कामातील मुख्य सूत्र क्रमाचे आहे : लहान पट्टा आणि नवा बूट आधी दांड्यावर सरकवावा, आणि त्यानंतरच सांधा बसवावा. संचासोबत आलेले मोलिब्डेनम डायसल्फाइडमिश्रित काळे ग्रीस थोडे छर्ऱ्यांत दाबून भरले, उरलेले बुटात घातले. अरुंद तोंडातून बोथट पाते सारून कोंडलेली हवा बाहेर काढली आणि पट्टे आवळले. जुळणी करताना स्प्लिट पिन नवी घातली, मधला नट पुस्तकात दिलेल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळला, आणि चाक चढविल्यावर गाडी हलविण्याआधी ब्रेक काही वेळा दाबून त्याची पकड पूर्ववत झाल्याची खात्री केली. जुने ग्रीस आणि धुण्याचे द्रावण गटारात न ओतता डब्यात भरून काउंटीच्या घातक कचरा केंद्राकडे देण्यासाठी ठेवले, तेव्हाच ते काम संपले असे त्यांनी मानले.

या देशापासून घेण्यासारखी गोष्ट कोणती, असे मला कोणी विचारले, तर मी त्या पुस्तकाकडे बोट दाखवीन. येथे क्लायमर, चिल्टन आणि इंग्लंडातून आलेली हेन्स या पुस्तकमाला एकेका वाहनाचा बोल्ट न् बोल्ट आकृतीसह समजावून देतात, आणि पुष्कळ सार्वजनिक ग्रंथालयांत ती कोणाही वाचकाला पाहावयास मिळतात. मिनिआपोलिसमध्ये तर अवजारांचेच ग्रंथालय आहे. या ज्ञानाला कायद्याचे पाठबळही आहे : मालकाने स्वतः किंवा बाहेरच्या कारागिराकडून देखभाल केली, एवढ्याच कारणावरून हमी नाकारण्याची मुभा १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने कारखानदाराला ठेवली नाही. १९७५ नंतर वाहनांत संगणक शिरले आणि ज्ञानाला पुन्हा कुलपे लागू लागली, तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ साली मोटारदुरुस्तीचा हक्क कौलाने मिळविला. मिनेसोटानेही २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी तसा कायदा केला व १ जुलै २०२४ पासून तो अमलात आणला. त्यातून मोटारवाहने आणि शेतीची यंत्रे वगळली गेली, याची खंत येथील शेतकरी उघडपणे बोलून दाखवितात. म्हणजे हा लढा येथेही संपलेला नाही. आणि स्वस्त आयात एक्सल बाजारात मिळू लागल्यापासून, चांगला सांधा केवळ बुटासाठी फेकून देण्याची उधळी प्रवृत्तीही वाढते आहे, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

आपल्याकडे केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासंबंधी संकेतस्थळही सुरू केले. वाहने आणि शेतीची अवजारे यांचा त्यात समावेश आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु हक्क बजावावयाचा तर ज्ञान आपल्या भाषेत आणि आपल्या गावात हवे. ते ज्ञान ठाण्यातील वर्तकनगरच्या परिसरात विपुल आहे. उणीव आहे ती लेखनाची. वागळे इस्टेट गजबजली त्या काळापासून तेथे घडलेले फिटर आणि मेस्त्री आज वृद्ध होत आहेत, आणि त्यांच्या बोटांतील विद्या त्यांच्याबरोबर नाहीशी होणे हे एखाद्या जुन्या दफ्तराला आग लागण्याइतकेच मोठे नुकसान आहे. तेथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्यांनी या कारागिरांच्या शेजारी बसून प्रत्येक कामाचा क्रम मराठीत लिहून घ्यावा, आकृत्या काढाव्यात, मेस्त्र्याचे नाव लेखक म्हणून पहिल्या पानावर छापावे, आणि १८९३ पासून ग्रंथ सांभाळीत आलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने त्या पुस्तिकांना आपल्या कपाटात मानाची जागा द्यावी, अशी माझी सूचना आहे.

मिनेसोटाच्या माणसाने विरळ वस्तीपोटी पुस्तक जवळ केले. आपल्याला दाट वस्तीने कारागीर दिला. ज्या गावात हे दोघे एकत्र येतील, तेथील नागरिक कोणत्याही यंत्रापुढे परावलंबी राहणार नाही, आणि तेथील कारागिराला त्याच्या योग्यतेचा मान मिळाल्याशिवाय राहणार नाही. या कामास ठाण्याइतकी लायक जागा मला तरी दुसरी दिसत नाही.



आपला,
एक वर्तकनगरकर