यवतेश्वरचा घाट आणि क्लबचा हिशेब

सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा रविवार उजाडतो तो बहुधा पावसाच्या भुरभुरीत. 2012 साली सुरू झालेल्या या स्पर्धेसाठी गावोगावचे रनिंग क्लब आदल्या दिवशीच मुक्कामाला येतात. पहाटे एकाच रंगाचे टी-शर्ट घालून एकमेकांच्या छातीवरचे बिब नीट पिन करून देतात आणि अंग मोकळं करत सुरुवातीच्या रेषेकडे निघतात. शहरातून सुटलेली ही गर्दी बोगदा ओलांडून यवतेश्वरच्या घाटाला लागते, कासच्या रस्त्याने वर चढते आणि त्याच वाटेने परत फिरते. अंतर 21.0975 किलोमीटर. सातारकर दुतर्फा उभे राहून टाळ्यांनी दाद देतात, ओळख असो वा नसो.

दुपारपर्यंत क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल झळकू लागतात.

हे निकाल वाचण्याचीही एक रीत आहे. बिबमागच्या चिपमुळे प्रत्येकाची वेळ वेगळी मोजली जाते. धावणारा सुरुवातीच्या मॅटवर पाय ठेवतो तेव्हा त्याचं घड्याळ सुरू होतं. त्यामुळे गर्दीत मागे राहून काही मिनिटं उशिरा निघालेल्याचं नुकसान होत नाही. मात्र साताऱ्याची वेळ मुंबईच्या वेळेशेजारी ठेवून तुलना करणं अन्यायाचं आहे. मुंबईत पेडर रोडच्या चढाचा केवढा धसका घेतला जातो! इथे जातानाचा बराचसा रस्ताच चढाचा. सपाटीवर दोन तासांत येणाऱ्याला इथे दहा-पंधरा मिनिटं जास्त लागली, तर तो मागे पडला असं कोणी समजू नये.

खरी परीक्षा उतारावर होते. दम परत येतो, पाय आपोआप पळू लागतात आणि नवखा माणूस तिथेच फसतो. उतरताना मांडीचे स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार तोलतात. त्यांना सूक्ष्म इजा होतात आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतं. सोमवारी-मंगळवारी कठडा धरून उलटं जिने उतरणारा क्लबमेंबर दिसला, की बाकीच्यांना त्याने घाटात काय केलं ते न विचारता कळतं.

क्लबच्या सत्कारात मानाची जागा मिळायला हवी ती पेसरला. हातात झेंडा घेऊन ठरलेल्या वेळेत सगळ्यांना आणणारा हा गडी, आणि त्याच्या मागची ‘बस’. अडीच तासांची बस म्हणजे सरासरी दर किलोमीटरला सुमारे 7 मिनिटं 6 सेकंद. घाटात हा वेग तसाच ठेवला तर माणसं गळतात. म्हणून पेसर चढावर वेळ सोडतो, उतारावर हळूहळू भरून काढतो, आणि हे करताना स्वतःची बेस्ट वेळ नोंदवायची संधी सोडून देतो. पोडियमवर त्याला जागा नसते. क्लबने ती द्यावी.

वेगवान धावपटूंचं कौतुक कमी करावं असं नाही. याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबरने मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिला क्रमांक पटकावला आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून दहावं स्थान मिळवलं. तिची वेळ साऱ्या जगाला वाचता येते. पण वर्षापूर्वी दोन किलोमीटर पळताना धाप लागणाऱ्या पन्नाशीच्या बाईने कटऑफच्या चार मिनिटं आधी रेषा ओलांडली, याचं मोल निकालपत्रक सांगत नाही. ते मोल पहाटे साडेपाचला तिच्यासोबत मैदानाला फेऱ्या मारणाऱ्यांनाच ठाऊक असतं.

म्हणून अनेक क्लबांमध्ये शेवटचा मेंबर येईपर्यंत कोणी नाश्त्याला हलत नाही. पदकं गळ्यात घालून, ओल्या टी-शर्टवर टॉवेल घेऊन सगळे शेवटच्या वळणावर थांबतात. पन्नाशीची ती बाई दिसली की दोघं-तिघं पुन्हा रस्त्यावर उतरतात आणि दुखऱ्या पायांनी तिच्या बाजूने पळत येतात. मग गरम मिसळ.