रेणूंची ओढ मोजणारी नळी

दोन रेणूंमधील आकर्षण डोळ्यांना दिसत नाही आणि तराजूत तोलताही येत नाही. तथापि, एखाद्या पदार्थाच्या सहवासात रेणू किती वेळ रेंगाळतो यावरून ते मोजता येते. वायु-वर्णलेखन, म्हणजेच गॅस क्रोमॅटोग्राफी, हे त्याचे साधन होय.

१९५२ साली ए. टी. जेम्स आणि ए. जे. पी. मार्टिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मिश्रणातील घटक वेगळे करण्यासाठी ही पद्धत यशस्वीपणे वापरली. लांब नळीत द्रवाचा लेप दिलेली भुकटी भरतात आणि तीतून नायट्रोजनसारखा वायू अखंड सोडतात. त्याबरोबर निघालेल्या बाष्पांपैकी ज्यास द्रवाची ओढ अधिक, ते उशिरा बाहेर पडते.

१९६९ साली स्मिडस्रोड आणि गिलेट यांनी ही मांडणी बहुवारिकांच्या अभ्यासासाठी उलटवली. आता नळीतील बहुवारिक अज्ञात आणि बाष्प ज्ञात, असा क्रम झाला. बहुवारिकाकडे न ओढला जाणारा वायू आणि विद्रावकाचे बाष्प यांच्या बाहेर पडण्याच्या वेळांतील अंतर नोंदतात. वायूचा वेग, तापमान व बहुवारिकाचे वजन ठाऊक असले, की त्या अंतरावरून ओढीचे मान काढता येते. निरनिराळ्या तापमानांना प्रयोग केल्यास बाष्प शोषले जाताना किती उष्णता मुक्त होते, हेही कळते. मात्र बहुवारिक काचेप्रमाणे ताठर अवस्थेत असेल, तर बाष्प बहुधा पृष्ठभागावरच अडते. म्हणून अंतर्भागाच्या मापनासाठी ते मऊ होईल इतके तापवावे लागते.

हे ज्ञान केवळ प्रयोगशाळेपुरते नाही. १९७४ साली अमेरिकेतील लुईव्हिल येथील पीव्हीसी कारखान्याच्या कामगारांत यकृताचा एक दुर्मिळ कर्करोग आढळला. त्याचे कारण व्हिनिल क्लोराइड हा वायू होता. पीव्हीसी त्यापासूनच बनते. साहजिकच प्रश्न उभा राहिला : तयार प्लॅस्टिकमध्ये उरलेला हा वायू अन्नात उतरेल काय?

याचे उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून असते : प्लॅस्टिक त्या रेणूंना किती घट्ट धरते आणि ते त्यातून किती वेगाने सरकतात. नळीतील विलंब पहिली गोष्ट सांगतो. बाष्प बाहेर पडताना आलेखावर जो उंचवटा उमटतो, त्याच्या रुंदीवरून दुसरीचा अंदाज येतो. अशा रीतीने काही मिनिटांचा विलंब अदृश्य रेणूंचे वर्तन आपल्यापुढे उलगडून ठेवतो.