कृत्रिम नखे : कोणती आणि कोणासाठी?

लग्नसराई जवळ आली की ब्यूटी पार्लरमध्ये मेंदी आणि केशरचना यांच्याबरोबर आता नखांचीही चौकशी होते. ‘अॅक्रिलिक करू, जेल करू, की नुसती चिकटवायची नखे चालतील?’ असे येणारी बाई विचारते आणि उत्तर बहुधा दरपत्रक पाहून दिले जाते. आपल्या काही विद्यार्थिनी दहावी-बारावीनंतर हाच व्यवसाय शिकतात. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. निवड किंवा पद्धत चुकली तर जन्मभर पुरणारी अॅलर्जी होऊ शकते. शिवाय नखे लावून घेणारी महिन्यातून एकदा-दोनदा या रसायनांजवळ येते, तर नखे लावणारी रोज आठ-दहा तास त्यांच्यात वावरते. म्हणून या प्रश्नाचा विचार आपण दरपत्रक बाजूला ठेवून, रसायनशास्त्राच्या आधाराने करू.

नख म्हणजे काय?

बोटावर दिसणारे नख हे मृत पेशींच्या एकमेकींवर दाबून बसलेल्या चपट्या थरांचे बनलेले असते. या पेशी केराटिन या प्रथिनाने भरलेल्या असतात. नखाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. त्याचा जिवंत भाग म्हणजे कातडीखाली दडलेले नखाचे मूळ. तेथे नव्या पेशी तयार होतात आणि जुन्यांना पुढे ढकलतात. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. संपूर्ण नख नवे यायला जवळजवळ सहा महिने लागतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, नख श्वास घेत नाही. मुळाला लागणारा ऑक्सिजन रक्तातून येतो. ‘नखांना अधूनमधून मोकळा श्वास घेऊ द्यावा’ हे म्हणणे त्यामुळे शास्त्राला धरून नाही. परंतु मृत पेशी स्वतःची दुरुस्ती करू शकत नाहीत. घासून पातळ केलेले नख पुन्हा जाड होत नाही. ते वाढून पुढे जाण्याची वाट पाहावी लागते.

दुसरी गोष्ट, नख पाणी शोषते. पाण्यात बराच वेळ राहिलेले नख फुगते, मऊ होते आणि वाकते. वर बसवलेले प्लॅस्टिक तितके फुगत नाही. भांडी आणि कपडे धुताना ही फुगण्या-आकसण्याची क्रिया दिवसातून अनेकदा घडते. त्यामुळे दोन्हींमधला जोड सैल होतो आणि त्या फटीत ओल साठते. अशा ओलीत स्यूडोमोनास जातीचे जिवाणू वाढले की त्यांच्या रंगद्रव्याने नख हिरवट दिसू लागते.

कच्चे आणि पक्के

बाजारात नावे पुष्कळ असली तरी अॅक्रिलिक, जेल आणि डिप या तिन्ही पद्धतींचे मूळ तत्त्व एकच आहे. लहान रेणू, म्हणजे एकवारिके, एकमेकांना जोडून त्यांची लांबच लांब साखळी, म्हणजे बहुवारिक, नखावरच तयार करायचे. या क्रियेला बहुवारिकीकरण म्हणतात.

मिथाइल मेथाक्रिलेट या एकवारिकाचेच उदाहरण घेऊ. त्याच्या साखळीपासून बनणारे पारदर्शक प्लॅस्टिक आपल्याला अॅक्रिलिकची काच म्हणून परिचित आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या छताचे असे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत गेले, पण डोळ्याने ते सहन केले. हे लक्षात आल्यावर ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये याच पदार्थाचे भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसवले. दातांच्या कवळ्याही याच पदार्थाच्या बनतात. म्हणजे पूर्ण पक्के झालेले बहुवारिक शरीराला सहसा बाधत नाही. त्याचे सुटे एकवारिक मात्र कातडीत शिरते, जळजळ करते आणि काहींना अॅलर्जी आणते.

तेव्हा कोणत्याही पद्धतीबद्दल पहिला प्रश्न असा विचारावा : यात कच्चे किती राहते आणि ते कातडीला लागते का? आता एकेक पद्धत पाहू.

अॅक्रिलिक

यात एक द्रव आणि एक पूड असते. द्रवात बुडवलेला कुंचला पुडीला लावला की ओला गोळा तयार होतो. तो नखावर पसरून आकार देतात. पुडीतील बेन्झॉइल पेरॉक्साइड ही क्रिया सुरू करते आणि द्रवातील एक अमाइन तिला वेग देते. काही मिनिटांत गोळा घट्ट होतो, पण आतील क्रिया पुढे कित्येक तास चालू राहते. द्रव जास्त झाला तर कच्चे एकवारिक उरते. म्हणून प्रमाण राखणे हे या पद्धतीतील खरे कौशल्य आहे.

ही कल्पना दंतवैद्यकातून आली. अमेरिकेतील फ्रेडरिक स्लॅक या दंतवैद्याने १९५० च्या दशकात आपले तुटलेले नख दातांसाठी वापरायच्या अॅक्रिलिकने सांधले, असा इतिहास सांगतात. पुढे नखांसाठीही मिथाइल मेथाक्रिलेटचा द्रव वापरात आला. १९७० च्या दशकाच्या आरंभी इजा झाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केवळ याच द्रवाची बनलेली उत्पादने न्यायालयामार्फत बाजारातून काढायला लावली. त्यानंतर इथाइल मेथाक्रिलेटचा वापर वाढला. मिथाइल प्रकार स्वस्त असतो, पण तो फार कडक होतो आणि नखाला घट्ट धरतो. धक्का बसला तर प्लॅस्टिक तुटण्याऐवजी खालचे नखच उचकटते. म्हणून बाटलीवर घटकांची नावे नसतील तर ती विकत घेऊ नये.

जेल

जेल बाटलीतून किंवा डबीतून तयार मिश्रण म्हणून येते. त्यात मध्यम लांबीच्या साखळ्या, काही लहान एकवारिके आणि प्रकाशाने जागा होणारा आरंभक असतो. दिव्याखाली हात धरला की क्रिया सुरू होते. हे दिवे मुख्यतः ३६५ ते ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देतात. दातातील पांढरी भरणी निळ्या प्रकाशाने पक्की करतात, तोच हा प्रकार.

येथे एक अडचण आहे. आरंभक ज्या तरंगलांबीला जागा होतो ती त्या दिव्यातून पुरेशी येत नसेल, दिवा जुना झाला असेल किंवा गडद रंगाचा थर जाड असेल, तर वरून चकचकीत दिसणारे जेल आत कच्चे राहते. म्हणून जेल आणि दिवा उत्पादकाने सांगितलेल्या जोडीनेच वापरावेत आणि थर पातळ द्यावेत. दिव्याखाली नख चटकन भाजल्यासारखे वाटते, कारण ही क्रिया उष्णता बाहेर टाकते. जाड थरात ती उष्णता एकदम निर्माण होते. अनेक जेल पक्के झाल्यावरही वरचा थर चिकट राहतो. हवेतील ऑक्सिजन पृष्ठभागावरची साखळी वाढू देत नाही, त्याचा हा परिणाम. या चिकट थरात कच्चे एकवारिक असते. तो पुसताना बोट लावू नये.

डिप

यात नखाला सायनोअॅक्रिलेटचा थर देऊन त्यावर पूड चढवतात आणि शेवटी एका द्रवाने तो पक्का करतात. सायनोअॅक्रिलेट म्हणजे घराघरांत असलेला झटपट चिकटणारा गोंद. हवेतील किंचित ओलाव्यानेही त्याची साखळी तयार होते, म्हणून दिवा लागत नाही. मात्र अनेकांची बोटे एकाच बरणीत बुडवणे स्वच्छतेला धरून नाही. पूड वरून ओतून घ्यावी. आणखी एक सावधगिरी : हा गोंद सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर क्रिया इतक्या वेगाने होते की कातडी भाजू शकते. तो लहान मुलांपासून दूर ठेवावा.

चिकटवायची तयार नखे

ही कारखान्यातच साच्यातून तयार होऊन येतात. बहुवारिकीकरण आधीच पुरे झालेले असते. उरतो तो फक्त गोंद किंवा चिकटपट्टी. टिकाऊपणात ही सर्वांत मागे, पण कच्च्या एकवारिकाच्या हिशेबात सर्वांत पुढे आहेत.

अॅलर्जी का गंभीर?

जेलमधील हायड्रॉक्सिइथाइल मेथाक्रिलेट, व्यवहारातील नाव हेमा, हे एकवारिक लहान असल्याने कातडीत सहज शिरते. एकदा का शरीराच्या संरक्षण यंत्रणेने ते ‘ओळखले’ की पुढे अल्प मात्राही पुरते. बोटांची टोके लाल होतात, खाजतात, फुटतात, कधी नख सुटून येते. बोट चेहऱ्याला लागल्याने पापण्याही सुजतात. ही ओळख सहसा पुसली जात नाही. याच कुळातील एकवारिके दातांच्या भरणीत आणि कृत्रिम सांधा बसवण्याच्या सिमेंटमध्ये असतात. विशीत जडलेली अॅलर्जी साठीतल्या शस्त्रक्रियेच्या वेळी आड येऊ शकते, म्हणून ती डॉक्टरांना सांगणे आवश्यक ठरते.

ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला. तेथे चाचणी केलेल्या रुग्णांपैकी २.४ टक्के लोकांना या कुळातील किमान एका रसायनाची अॅलर्जी आढळली होती. युरोपीय संघाने २०२१ पासून हेमा असलेली नखांची उत्पादने केवळ व्यावसायिकांसाठी मर्यादित केली. १ सप्टेंबर २०२५ पासून टीपीओ हा जेलमधील आरंभक आणि अॅक्रिलिकच्या द्रवातील डायमिथाइल टोल्युइडिन हे अमाइन, दोहोंवर तेथे बंदी आली. साधे रबरी हातमोजे ही एकवारिके फार वेळ अडवत नाहीत. नायट्राइलचे मोजे वापरावेत, तेही वारंवार बदलावेत.

जेलच्या दिव्यातील अतिनील किरणांबद्दलही विचारले जाते. २०२३ मध्ये सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी पेशींवर असा प्रकाश २० मिनिटे टाकला, तेव्हा २० ते ३० टक्के पेशी मेल्या आणि इतरांच्या डीएनएला इजा झाली. हा प्रयोग काचपात्रातील पेशींवर होता. जिवंत हातावर कर्करोगाचा धोका किती, हे त्यावरून ठरत नाही. तरीही बोटांची टोके उघडी ठेवणारे हातमोजे घालणे सोपे आहे आणि शहाणपणाचेही.

मग निवड कशी करावी?

प्रथम हाताचे काम विचारावे. परिचारिका, डॉक्टर आणि रुग्णाला हात लावणाऱ्या कोणीही कृत्रिम नखे लावू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट म्हटले आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथील एका रुग्णालयात १९९७-९८ मध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात स्यूडोमोनासची साथ आली. ४६ बाळांना संसर्ग झाला आणि त्यांपैकी १६ दगावली. तपासात या साथीचा संबंध लांब आणि कृत्रिम नखे असलेल्या परिचारिकांच्या हातांशी आढळला.

ज्यांचे हात सतत पाण्यात किंवा कणकेत असतात त्यांनी नखे आखूडच ठेवावीत. दोन दिवसांच्या लग्नासाठी तयार नखे पुरेशी आहेत. नख मुळात पातळ आणि वाकणारे असेल तर त्याच्याबरोबर वाकणारे, भिजवून निघणारे जेल बरे. कडक अॅक्रिलिक अशा नखावरून लवकर सुटते. लांबी हवी आणि नख जाड असेल तर अॅक्रिलिक किंवा कडक जेल टिकते. मात्र लांब नख ही तरफ आहे. टोकाला बसलेला धक्का लांबीच्या प्रमाणात वाढून नखाच्या जोडावर येतो. नख वाढते तसा हा जोडही पुढे सरकतो. तीन आठवड्यांत तो सुमारे दोन मिलिमीटर सरकतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी भरणी करावी लागते. नखाला बुरशी, जखम किंवा सूज असेल तर कोणतीच पद्धत नको. आधी डॉक्टर.

निवडीच्या वेळीच काढण्याचाही विचार व्हावा. अॅक्रिलिक, डिप आणि मऊ जेल अॅसिटोनमध्ये भिजवून निघतात. कडक जेलच्या साखळ्या आडव्या बंधांनी एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात. अॅसिटोन त्यांना सोडवू शकत नाही, ते घासूनच काढावे लागते. घाईने ओरबाडून काढले तर प्लॅस्टिकबरोबर नखाचे वरचे थर निघतात. ती हानी सहा महिने दिसत राहते.

वर्गात करून पाहण्यासारखे

थर्मोकोलचा तुकडा चमचाभर अॅसिटोनमध्ये टाकावा. तो विरघळून बसतो, कारण त्याच्या साखळ्या सुट्या असतात. जुन्या बेकलाइटच्या बटणाचा तुकडा तसाच राहतो, कारण त्यात आडवे बंध असतात. अॅसिटोन पेट घेणारे आहे, म्हणून हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः, खिडकीजवळ, ज्योतीपासून दूर करून दाखवावा. दुसरा प्रयोग विद्यार्थ्यांनी घरी करावा. अंगठ्याच्या नखावर मुळाशी कानशीने बारीक खूण करून दर रविवारी ती किती सरकली ते मोजावे आणि आलेख काढावा. चार-पाच आठवड्यांत प्रत्येकाला आपल्या नखाचा वेग कळेल.

वर्गातील एखादी मुलगी उद्या या व्यवसायात गेली, तर बाटलीवरची नावे वाचण्याची सवय आणि ‘हे पूर्ण पक्के झाले का?’ हा प्रश्न तिने सोबत न्यावा. त्याचा पहिला उपयोग तिच्या स्वतःच्या हातांना होईल.