एका रात्रीच्या गाण्यासाठी

घरात भीमगीतांच्या कॅसेटी असताना तीच गाणी समोर बसून ऐकायला माणसे वीस-पंचवीस किलोमीटर का जात होती? आज तर गाणे खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. तरीही एप्रिल आला की चाकण, मोशी, तळवड्याच्या वस्त्यांतून माणसे पिंपरीच्या आंबेडकर चौकाची वाट धरतात. वाचकहो, या प्रवासाकडे नुसती हौस म्हणून पाहू नका. त्यात आपला इतिहास आहे आणि कुणाच्या तरी चुलीचा प्रश्नही आहे.

आधी आपण गाण्याकडे जात नव्हतो, गाणे आपल्याकडे येत होते. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांचे जलसे गावोगाव फिरले. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार ढोलकी आणि पेटीबरोबर पोचला. पुढे वामनदादा कर्डकांनी तीच वाट धरली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेल्या या माणसाला लिहिता-वाचता आले ते मोठेपणी, मुंबईत. मग त्यांनी हजारो गीते लिहिली आणि २००४ साली डोळे मिटेपर्यंत ती महाराष्ट्रभर गायिली. तेव्हा पायपीट गायकाची होती. श्रोता आपल्या अंगणात बसून ऐकत होता.

कारखाने आले आणि हे उलटे झाले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. नंतर आकुर्डी, चिंचवड, भोसरीत कारखाने वाढत गेले, अलीकडे चाकण भरले. मराठवाडा, सोलापूर, विदर्भातून आपली माणसे पोटासाठी इथे आली. गावात पार्टी आली की सारा वाडा गोळा व्हायचा. इथे दहा बाय दहाच्या खोलीत शेजारी कोण हेही ठाऊक नसे. मग बातमी मशीनवर कळायची, ‘देहूरोडला सामना आहे.’

देहूरोडचे नाव उगाच नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः तिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या दिवशी आजही लांबून माणसे येतात. पिंपरीकरांना लोकल होती. चिंचवड, आकुर्डी आणि मग देहूरोड. चाकणकडच्यांनी मात्र वर्गणी काढून टेम्पो ठरवायचा. आपल्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणून बुधवारची रात्र सोयीची. बायकांनी भाकरी, ठेचा आणि सतरंजी घ्यायची, पोरे मागच्या फळीला टेकवायची आणि निघायचे. एरवी रात्री उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला ज्या सुनांना परवानगी नसे, त्यांनाही या कार्यक्रमाला कुणी अडवत नसे. ‘बाबासाहेबांचे गाणे आहे’ एवढे म्हटले की पुरे.

आणि तिथे काय मिळे? कॅसेट एकदा भरली की तिच्यात बदल नाही. सामन्यात दोन गायन पार्ट्या समोरासमोर. एकीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने तिथल्या तिथे जवाब द्यायचा. जवाब जमला की ढोलकीच्या आधी लोकच टाळी देत. जमला नाही तर लोक हसत, आणि गायक पुढच्या कडव्यात त्यांनाच चिमटा काढी. फर्माईश मागणीप्रमाणे. कुणी पाच रुपयांची नोट मंचावर पाठवी. गायक गाणे थांबवून माईकवर पुकारी, अमक्या गावचे अमुक यांच्याकडून, वारलेल्या वडिलांच्या स्मरणार्थ. कारखान्यात ज्याला टोकन नंबरावरून ओळखत, त्याचे नाव त्या रात्री त्याच्या बापाच्या नावासकट हजार माणसांनी ऐकलेले असे. त्यासाठी टेम्पोत उभे राहून जावे लागले तरी कुणाची तक्रार नसे.

ती रात्र आता राहिलेली नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य शासन बारापर्यंत सवलत देऊ शकते. नियम वाईट नाही. आजारी माणसाला आणि परीक्षेच्या पोरांना झोप हवीच. पण रात्रभराचा सामना त्यामुळे संपला. संध्याकाळी सहाला सुरू होणारा कार्यक्रम दुसऱ्या पाळीच्या कामगाराच्या वाट्याला येतच नाही. दुसरीकडे, मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहिल्या. तेच गाणे वाजते, पण गाणारा घरी बसलेला असतो.

इथे चुलीचा प्रश्न येतो. विठ्ठल उमपांसारखा शाहीर नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमातच गेला. वय ऐंशीच्या घरात, तरी माणूस मंचावर होता. त्यांचे नाव महाराष्ट्राला माहीत आहे. पण पार्टीतल्या ढोलकीवाल्याचे, बेंजोवाल्याचे, कोरसमधल्या बाईचे काय? कायम कामगाराला निदान प्रॉव्हिडंट फंड आहे, ईएसआय आहे. त्यांना बिदागी मिळाली तर ती, नाहीतर काही नाही. मोबाईलला शत्रू समजण्याचे कारण नाही. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात यांचा आवाज मोबाईलमुळेच घरोघरी गेला. परंतु मोबाईल नाव पोचवतो. घर चालते ते कार्यक्रमावर.

म्हणून जयंती मंडळांच्या तरुणांना आणि घरातल्या कर्त्या बायकांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. कार्यक्रम गुरुवारी किंवा रविवारी दुपारी ठेवा, म्हणजे पाळीवाल्यांनाही येता येईल. बंदिस्त सभागृहाला रात्री दहाची अट तशी लागत नाही. पिंपरीत अत्रे रंगमंदिर आहे, भोसरीत लांडगे नाट्यगृह आहे, दोन-तीन मंडळांनी मिळून घ्यावे. बायकांसाठी बसण्याची, पाण्याची, संडासाची सोय आणि परतीची गाडी आधी ठरवा. त्याशिवाय त्या येणार नाहीत. डीजेच्या खर्चातून काही रक्कम काढून एक जिवंत पार्टी बोलवा आणि बिदागी कार्यक्रम संपताच हातात द्या. वस्तीत कुणी थकलेला कलावंत असेल, तर शासनाच्या ज्येष्ठ कलावंत मानधन योजनेचा अर्ज त्याला भरून द्या. त्याला गाता येते. फॉर्म भरता येईलच असे नाही.

आणि वर्षातून एकदा तरी मुलांना घेऊन गाणे जिथे असेल तिथे जा. पिंपरीच्या चौकात महानगरपालिकेचे प्रबोधन पर्व भरते, तिथे जा. देहूरोडला जा, जमले तर नागपूरलाही जा. मुलांना पुढे बसवा. गाणारा माणूस घामाघूम होतो, चुकतो, हसतो आणि पुन्हा सूर धरतो हे त्यांना दिसू द्या. आपल्या आजोबांच्या काळी गायक पायी चालत आपल्या दारी आला होता. आता काही किलोमीटर आपण जायचे आहेत.