पाठशाळेत त्याचेही आसन

रविवारच्या जैन पाठशाळेच्या प्रवेशपत्रावर बहुधा वडिलांचे नाव विचारले जाते. प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे फॉस्टर केअरमध्ये, राहणाऱ्या बालकाची अडचण तेथेच सुरू होते. प्रतिपालन म्हणजे दत्तक नव्हे. बालकल्याण समितीच्या आदेशाने ठरावीक काळासाठी सोपविलेली ती जबाबदारी असते. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार दोन वर्षांच्या प्रतिपालनानंतर ते कुटुंब दत्तकाचा मार्ग धरू शकते. तोवर मूल दोन घरांच्या उंबरठ्यावर असते.

म्हणून प्रवेशपत्रावर 'पालकाचे नाव' एवढेच पुरे. णमोकार मंत्र येत नसल्यास सक्ती करू नये. समवयस्कांतच बसवून तो कानी पडू द्यावा. 'तुझे खरे आई-बाबा कोठे?' असे कोणीही विचारू नये.

बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ अशा बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. तेव्हा स्नेहसंमेलनाच्या वृत्तान्तात त्याचे नाव वा छायाचित्र छापू नये. नाटिकेतील भूमिका मात्र अवश्य द्यावी.

पुढे ते मूल स्वगृही परतले, तर हजेरीपटावरील नाव कमी करण्यापूर्वी निरोपाचा एक रविवार त्याच्यासाठी राखून ठेवावा.