गजकर्ण, नागीण, कोड आणि त्वचेचा डॉक्टर

त्वचेचा डॉक्टर म्हटलं की हल्ली लोकांना लेझरचं यंत्र आणि उजळ चेहऱ्यांचे फलक आठवतात. सहा महिन्यांचा कोर्स करून क्लिनिक थाटणाऱ्यांत आणि आमच्यात फरक काय, असं रुग्ण सरळ विचारतात. साडेचार वर्षांचं एमबीबीएस, वर्षभराची इंटर्नशिप, नीट-पीजी आणि मग तीन वर्षांचं एमडी, असा हा किमान साडेआठ वर्षांचा अभ्यास आहे. त्या एमडीत त्वचारोगांबरोबर गुप्तरोग आणि कुष्ठरोग हेही विषय येतात. ‘तुमच्याकडे बरं, इमर्जन्सी नसते’ हे तर डॉक्टर मित्रसुद्धा म्हणतात. पण फिटचं, सल्फाचं किंवा युरिक ॲसिडचं औषध न मानवल्याने अंगभर कातडी सुटत चाललेला रुग्ण वाचवणं ही आमचीही जबाबदारी असते. नवं औषध सुरू केल्यावर ताप, दुखरे लाल चट्टे आणि तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

खासगी दवाखान्यात सर्वाधिक गर्दी असते ती खाजेची, आणि सर्वात मोठा गैरसमजही तिथलाच आहे: गजकर्णाला डॉक्टर कशाला, मेडिकलमधून ट्यूब आणली की झालं. त्या ट्यूबमध्ये बहुधा बुरशीविरोधी औषध, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोलसारखं जहाल स्टेरॉइड एकत्र असतं. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि माणूस खूश होतो. मात्र त्याच स्टेरॉइडमुळे त्वचेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी आत निवांत पसरत राहते. लावणं थांबवलं की दुप्पट जोराने उठते. गोल कडा पुसट झाल्याने आजार ओळखणंही अवघड होतं. जांघेत कातडी पातळ होऊन पडलेल्या रेघा तर आयुष्यभर जात नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण कॉलेजातली मुलं या रेघा घेऊन येतात आणि तोवर करण्यासारखं थोडंच उरलेलं असतं.

त्यात आता बुरशीही बदलली आहे. भारत आणि नेपाळमधून जपानला गेलेल्या रुग्णांत सापडलेल्या एका प्रकाराला 2020 मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असं नाव मिळालं. टर्बिनाफिन या नेहमीच्या गोळीला ती पुष्कळदा दाद देत नाही. म्हणून उपचार काही आठवडे, कधी काही महिने चालतात, आणि घरात ज्याला ज्याला खाज आहे त्या सगळ्यांनी ते एकदम घ्यावे लागतात. टॉवेल वेगळे हवेत, कपडे उन्हात वाळवायला हवेत. केंद्र सरकारने 2018 मध्ये 14 स्टेरॉइड मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही ती काउंटरवर सहज मिळतात, आणि चेहरा गोरा व्हावा म्हणूनही लावली जातात. मग चेहरा लाल होतो, पुटकुळ्या येतात, लव वाढते, उन्हात आग होते. बंद केलं की आग आणखी भडकते, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब लावते. गोरं करून द्या, या मागणीला डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हणायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही भीती अजून घराघरांत आहे. नागीण होते ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे. लहानपणीच्या कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो नसांच्या मुळाशी दडून राहतो आणि प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या नसेवरून वर येतो. ती नस शरीराच्या एकाच बाजूला असते, म्हणून पुरळाचा पट्टाही सहसा मध्यरेषेशी थांबतो. क्वचित दोन्ही बाजूंना पुरळ आलं तरी वेढा पूर्ण झाल्यामुळे कुणी मरत नाही. गेरू आणि मंत्रात जे दिवस जातात, ते मात्र महागात पडतात. पुरळ दिसल्यापासून 72 तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा उपयोग जास्त होतो. उतारवयात नागिणीनंतरची ठणक महिनोन्महिने छळते. पुरळ डोळ्याजवळ असेल तर नेत्रतज्ज्ञालाही लगेच दाखवावं.

दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड होत नाही. ते संसर्गजन्य नाही आणि कुष्ठरोग तर नाहीच. स्वतःची प्रतिकारशक्ती रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते, एवढंच त्यात घडतं. तेवढ्यासाठी मुलींची लग्नं मोडतात, हे संतापजनक आहे.

कुष्ठरोगाबाबत गैरसमज उलटा आहे, तो आता संपला असा. डिसेंबर 2005 मध्ये देशातलं प्रमाण 10 हजारांत एका रुग्णाच्या खाली आलं आणि ‘निर्मूलन’ जाहीर झालं. तरी विदर्भात, पालघरमध्ये नवे रुग्ण आजही सापडतात. फिकट किंवा लालसर चट्टा, न खाजणारा, स्पर्श कमी कळणारा, असं काही दिसलं तर दाखवा. सरकारी केंद्रात औषध मोफत मिळतं, प्रकारानुसार 6 किंवा 12 महिने घ्यावं लागतं आणि रोग बरा होतो.

डॉक्टर निवडताना पदवी आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. येताना आधी लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून आणा. कुणी दिल्या यावरून रागावणार नाही; त्यांत काय होतं ते कळल्याशिवाय उपचार ठरवता येत नाहीत.