रेकॉर्ड एकाची, कान अनेकांचे

1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर भारतीय संगीताचा एकच नमुना आहे: केसरबाई केरकरांनी गायलेली साडेतीन मिनिटांची भैरवी. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेची निवड कोणत्या सरकारने केली नाही की रेकॉर्ड कंपनीनेही केली नाही. रॉबर्ट ब्राउन या अमेरिकी संगीत-अभ्यासकाने ती भैरवी ऐकली होती, तिचे मोल त्याला कळले होते आणि निवड करणाऱ्यांपुढे त्याने ते ठामपणे मांडले. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या इतिहासात हे वारंवार घडलेले दिसते. तबकडी कपाटात असते म्हणून संगीत टिकते असे नाही. कुणीतरी ती दुसऱ्यापुढे वाजवतो, ती का ऐकायची हे सांगतो आणि समोरच्याच्या शंकेला उत्तर देतो, तेव्हा ते टिकते. ध्वनिमुद्रण हा संगीताचा पुरावा असला तरी त्याचे ज्ञान होते ते रसिकांच्या एकत्र ऐकण्यातून आणि वादातून, असे माझे म्हणणे आहे.

ध्वनिमुद्रण पहिल्यापासूनच अपुरा पुरावा होता. फ्रेड गैसबर्ग यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी कलकत्त्यात गौहरजानचा आवाज मुद्रित केला तो 1902 च्या नोव्हेंबरात. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची आणि मोठ्या आकाराची फार तर साडेचार. पाऊण तास मांडायचा ख्याल गायकाने तेवढ्यात बसवायचा. गाणे संपता संपता गौहरजान स्वतःचे नाव इंग्रजीत सांगते, ते त्या काळच्या अनेक तबकड्यांवर ऐकू येते. मूळ मुद्रणे छापण्यासाठी जर्मनीतल्या हॅनोवरला जात. हे गाणे कुणाचे हे तिथल्या कारागिरांना कळावे म्हणून ही सोय होती, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, आपल्या हाती काय आहे हे तबकडीला स्वतःला सांगावे लागत होते, आणि नावापलीकडचे पुष्कळसे ती सांगतच नव्हती. साथीला कोण होते, गायकाने तालीम कुणाकडे घेतली, लेबलवरचे रागाचे नाव बरोबर आहे का, या प्रश्नांची उत्तरे ऐकणाऱ्यांनीच एकमेकांना विचारून जमवली.

साधा वाटणारा वेगाचा प्रश्न घेतला तरी हे पटते. जुन्या तबकड्यांना आपण सरसकट मिनिटाला 78 फेऱ्यांच्या म्हणतो. पण सुरुवातीच्या दशकांत मुद्रणाचा वेग ठरावीक नव्हता. 74 फेऱ्यांच्या वेगाने मुद्रित झालेली तबकडी 78 ने वाजवली की सूर जवळजवळ एका पट्टीने चढतो. गायक काळी एकमध्ये गायला असेल, तर आपल्याला तो पांढरी दोनच्या आसपास ऐकू येतो. लयही सुमारे पाच टक्क्यांनी वाढते, तान प्रत्यक्षाहून चपळ वाटते आणि आवाजाचा भरदारपणा कमी होतो. अशा मुद्रणावरून त्या गायकाची पट्टी, तयारी, आवाजाची जात यांविषयी कुणी निष्कर्ष काढले, तर ते मुळातच चुकणार. दुरुस्तीसाठी नुसते यंत्र पुरत नाही. गायकाची पट्टी ठाऊक असलेला जाणकार लागतो, त्याच सत्रातल्या दुसऱ्या तबकड्या जपलेला संग्राहक लागतो, आणि पेटीच्या आवाजावरून अंदाज बांधणारा वादकही लागतो. वयाबरोबर गायकाची पट्टी उतरते, म्हणून हे तिघे एकमेकांशी सहमत होतीलच असे नाही. मतभेद कुठे आहे हे कळणे, हीसुद्धा या ऐकण्याची कमाईच आहे.

घराण्यांच्या अभ्यासात एकत्र ऐकण्याची गरज आणखी ठळकपणे जाणवते. भास्करबुवा बखले 1922 मध्ये गेले, अल्लादियाखाँ 1946 मध्ये. महाराष्ट्रातल्या ख्यालगायनावर या दोघांएवढा ठसा फार थोड्यांचा असेल, आणि तरी दोघांचीही तबकडी आपल्यापाशी नाही. अल्लादियाखाँची गायकी आपल्याला केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर यांसारख्या शिष्यांच्या मुद्रणांतूनच शोधावी लागते. एकटीच्या गाण्यात जे ठळक आहे ते तिच्या स्वभावाचे असू शकते, पण दोघींत जे समान आहे ते गुरूचे असण्याचा संभव अधिक. असा ताळा एका बैठकीत, एकापाठोपाठ एक तबकडी लावून, समेला येण्याची तऱ्हा, तानेचे वळण आणि बोलांची फेक यांवर बोट ठेवूनच जमतो. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे उदाहरण याहून बोलके आहे. मिरजेच्या नीलकंठबुवांकडे त्यांची ग्वाल्हेरची तालीम झाली. पुढे अल्लादियाखाँचे पुत्र मंजीखाँ आणि त्यांच्यानंतर भुर्जीखाँ यांच्याकडून त्यांना जयपूरची विद्या मिळाली. त्यांच्या तरुणपणच्या तबकड्या आणि उतारवयातली दीर्घ मुद्रणे शेजारी ठेवली, की एका गळ्यात दुसरे घराणे कसे मुरत गेले हे ऐकता येते. मंजीखाँच्या गाण्याची छाया त्यात किती, हा प्रश्न मात्र तबकडी सोडवत नाही. तो मंजीखाँना ऐकलेल्यांच्या साक्षीवर आणि त्या साक्षीच्या उलटतपासणीवर अवलंबून राहतो. आपल्याकडची संगीतसमीक्षा अशाच रसिकांच्या संगतीत वाढली. 1961 साली ‘घरंदाज गायकी’ लिहिणारे वामनराव देशपांडे व्यवसायाने हिशेबतपासनीस होते, आणि गायक-रसिकांच्या सहवासात घडलेला त्यांचा कान त्या विवेचनामागे उभा आहे.

संग्राहकांनी या कामाला शिस्त लावली. 1982 साली पुण्यात सुरू होऊन पुढे दिल्लीकडे गेलेल्या मानवसंगीतशास्त्राच्या संग्रहकेंद्राने क्षेत्रीय मुद्रणे जपण्याचे काम हाती घेतले. 1990 मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. तिच्या श्रवणसभांतून आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून तबकड्यांबरोबर त्यांची माहितीही हातोहात फिरू लागली. मायकेल किनिअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या 1908 पर्यंतच्या भारतीय मुद्रणांची सूची ग्रंथरूपाने सिद्ध केली, ती 1994 मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढली. लेबलजवळ उमटलेला मॅट्रिक्स क्रमांक नवख्याला निरर्थक आकडा वाटतो. पण त्यावरून मुद्रणाचे सत्र आणि क्रम लागतो, आणि एकच गाणे दोनदा मुद्रित झाले होते का हेही उलगडू शकते. एकाकडे तबकडी, दुसऱ्याकडे कंपनीचे सूचिपत्र आणि तिसऱ्याकडे जुनी जाहिरात असते. हे तिन्ही एका टेबलावर आले की तारीख ठरते.

यावर पहिला आक्षेप असा की तीन मिनिटांच्या तुकड्यावर एवढी चर्चा कशाला, खरे गाणे तर मैफलीत असते. हे अर्धेच खरे आहे. अमीर खाँसाहेबांचा मारवा 1960 च्या लाँग प्लेवर ऐकताना आलापाला जो अवकाश मिळतो, तो जुन्या तबकडीत शोधणे व्यर्थ. मात्र अब्दुल करीम खाँ किंवा केसरबाई यांनी तीन मिनिटांना ख्यालाचा कापलेला तुकडा मानले नाही. त्यांनी त्या मापाची वेगळी बांधणी केली: मुखडा लगेच, रागाची ओळख पहिल्याच आवर्तनात, अनावश्यक स्वर नाही. करीम खाँची तबकडी लहानपणी कानावर पडून भीमसेन जोशींना गाण्याची ओढ लागली. बालवयातल्या कुमार गंधर्वांनी थोरांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवल्या. म्हणजे या तुकड्यांतून पुढच्या पिढीला प्रत्यक्ष संगीत मिळाले. त्यांत काय नाही हे सांगण्यासाठी मात्र मैफल ऐकलेला माणूस शेजारी हवा. म्हणून हा आक्षेप एकट्याने ऐकण्याला लागू पडतो, एकत्र ऐकण्याला नाही.

दुसरा आक्षेप मनाला अधिक भिडणारा आहे. क्रमांक, तारखा, पट्टी यांच्या काथ्याकुटात रस मरतो, आणि जुन्याचे भक्त आजच्या गायकाला ऐकूनच घेत नाहीत, असे म्हटले जाते. असे रसिक आहेत हे मान्य करायला हवे. पण तपासून ऐकण्याने भक्ती सैल होते, घट्ट होत नाही. तबकडी वेगाने वाजते आहे हे कळल्यावर त्या तानेच्या चपळाईची दंतकथा गळून पडते आणि लयीवरची पकड दिसू लागते. जुन्या मोठ्या गवयांनाही कुठे घाई झाली आणि कुठे तडजोड करावी लागली, हे ऐकलेला माणूस आजच्या गायकाकडे अधिक न्यायाने पाहतो. आनंद आधी येतो, हे खरेच. तो का झाला हे दुसऱ्याला सांगता येऊ लागले, की तो आनंद त्याच्याही वाट्याला येतो.

तिसरा प्रश्न हक्कांचा, आणि तो टाळता येणार नाही. भारतीय कायद्याने प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो, म्हणून जुन्या तबकड्यांचा मोठा साठा आता सर्वांचा आहे. खासगी बैठकीत केलेल्या टेपचे तसे नाही. कलावंताच्या सादरीकरणावरील हक्काला 1994 मध्ये कायद्यात स्थान मिळाले आणि 1999 मध्ये त्याची मुदत 50 वर्षे झाली. कायद्यापलीकडे संकोचाचाही प्रश्न आहे. घसा बसलेल्या रात्रीचे गाणे गावभर व्हावे असे कोणत्या गायकाला वाटेल? कलावंताची किंवा वारसांची संमती घेणे आणि ती न मिळाल्यास टेप चार जाणकारांच्या अभ्यासापुरती ठेवणे, एवढा संयम रसिकतेचाच भाग मानला पाहिजे.

आज मुद्रणांचा तुटवडा नाही. शंभर वर्षांचे गाणे खिशातल्या फोनवर मिळते, पण बहुतेकदा तारखेशिवाय, साथीदारांच्या नावांशिवाय आणि अनेकदा चुकीच्या वेगात. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना दर वेळी थोडी माहिती गळते आणि कौतुकाची विशेषणे तेवढी वाढतात. यावरचा उपाय महागडा नाही. मुद्रण पुढे पाठवताना ते कुठून मिळाले हे लिहावे, ठाऊक असलेली नावे-तारखा जोडाव्यात, अंदाज असेल तिथे अंदाज म्हणावे. महिन्यातून एकदा पाच-सात जणांनी एकच मुद्रण दोनदा ऐकावे: एकदा गप्प राहून, एकदा थांबवत-बोलत. वयस्कर श्रोत्यांच्या आठवणी त्याच वेळी टिपून घ्याव्यात, कारण तबकडीची नक्कल पुन्हा काढता येते, साक्षीदाराची येत नाही. संग्रहालये तबकड्या सांभाळतील. त्यांचा अर्थ सांभाळण्याचे काम रसिक मंडळींनीच आजवर केले आहे, आणि पुढेही ते त्यांनाच करावे लागेल.